फादर मेलितोन यांचं स्तोत्र

आमच्या कॅथेड्रलला नाताळची गाणी दरवर्षी नवी लागतात. जुन्यांना पुन्हा कोणी विचारत नाही. त्यांचे जाड कागद सप्टेंबरच्या जत्रेआधी आतषबाजीवाल्याला बाणांच्या नळ्यांसाठी द्यायचे. हे काम माझ्याकडे, ब्रिसियो ऑर्गनवाल्याकडे. वरचं नाव वाचायचं आणि गठ्ठा देऊन टाकायचा.

फादर मेलितोन आमचे संगीतगुरू. पस्तीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं, मलाही. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी पश्चात्तापाचं एक स्तोत्र त्यांनी अकरा वर्षं खपून रचलं होतं. पण पाद्र्यांच्या मंडळाला दरवर्षी आधीच्या गुरूंचं, कधीच वारलेल्या फादर एरासोंचंच स्तोत्र हवं असे, आणि फादर मेलितोन निमूटपणे तेच पोरांकडून घोकून घेत. यंदा मंडळ एकदाचं हो म्हणालं. तोवर त्यांची दृष्टी गेली होती.

मी कॅथेड्रलचं कपाट उघडलं तर स्तोत्र नव्हतं. कंजूष म्हातारा. कागद वाचवायला त्यांनी ते नाताळच्या एका जुन्या गाण्याच्या वेष्टनात बांधलं होतं, आणि मी वरचं नाव वाचून ते जत्रेला देऊन बसलो होतो. घरी दुसरी प्रत ठेवायला मंडळाची बंदी.

त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"गाढवा," ते म्हणाले. "बाण उडाले तरी का नीट?"

"उडाले, फादर."

"बस मग. लिहून घे. डोकं अजून शाबूत आहे माझं."

नऊ दिवस ते सांगत होते, एकेका आवाजाची ओळ, कुठेही न अडखळता. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझा हात थबकला. हे फादर एरासोंचं स्तोत्र होतं, जसंच्या तसं. शिकवून शिकवून डोक्यात तेवढंच उरलं होतं. त्यांचं स्वतःचं पार पुसलं गेलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"थांबलास का रे?"

"शाई वाळली, फादर."

मला रडू फुटत होतं, तरी मी लिहीत राहिलो. नवव्या दिवशी ते मागे टेकून बसले.

"पोरांकडून बसवून घ्यायला किती दिवस लागतील?"

पोरांना ते पाठच होतं.

"दोन आठवडे तरी, फादर," मी म्हणालो.