पिंपातली कुपी

शमिकाचं डोकं महिनाभर तापलेलं होतं, आणि त्याला कारण एक पिंप.

तिने प्रयोगशाळेत असे जिवाणू घडवले होते की पाण्यात टेट्रासायक्लिनच्या जातीचं औषध आलं, की ते आपल्याच डीएनएवर मिथाइलची बारीक खूण करत. धोबी कपड्यावर करतो तशी. कपडा तोच राहतो, खूण धुऊन जात नाही. हे जिवाणू तिने बंद कुप्यांत भरून कोळंबीच्या तलावांत सोडले होते. पाणी आत शिरे, जिवाणू बाहेर पडत नसत. ताळा पाहण्यासाठी एक कुपी गावी, घराच्या पागोळ्यांखालच्या पिंपात. निव्वळ आभाळाचं पाणी! ती कुपी कोरी निघाली तरच तलावांतल्या खुणा खऱ्या धरल्या जाणार होत्या. म्हणून ती रोज आईला फोन करून विचारी, "कुपी बरी आहे ना?"

सगळ्यांत जास्त खुणा त्याच कुपीत निघाल्या.

"तुझे जिवाणू खोटं बोलतात," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "पुन्हा हेच आलं तर प्रकल्प बंद."

शमिकाने चाचणी पुन्हा केली, नवे जिवाणू वाढवले, मांडवीच्या भाड्याच्या खोलीवर आरशासमोर स्वतःलाच शिव्या घातल्या. नवी कुपी गावी पाठवून आईकडून पिंपात सोडवली, तीही तशीच निघाली. शेवटी चरफडत तिने जयगडची एसटी पकडली आणि वाटेतल्या आपल्या गावी उतरली.

"आई, पिंपात काय टाकलंस?"

"म्यां? काय नाय गो बाय." यमुनाबाई नुकतीच लावणीवरून आली होती. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टाचांना भेगा.

"साबण? फवारणीचं औषध? आठव जरा!"

"देवासारकी राखलंय तुजी कुपी."

आता हिच्यापुढे काय डोकं आपटायचं? तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. चिखलात राबणाऱ्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून त्या दर आठवड्याला गोळ्या देत फिरत.

"काकी, माझ्यासमोर घ्यायची हं."

यमुनाबाईने कॅप्सूल तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, मान डोलावली. आशाताईंची पाठ वळताच ती तोंड मिटून मागीलदारी गेली आणि पिंपावर वाकली.

"आई! आ कर!"

कॅप्सूल गालात होती, अर्धी विरघळलेली. डॉक्सिसायक्लिन. टेट्रासायक्लिनचीच सख्खी बहीण! काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिवाणू बिचारे पहिल्यापासून खरंच सांगत होते. प्रकल्प वाचला होता, शमिकाने नाचायला हवं होतं. पण तिची नजर आईच्या टाचांच्या भेगांवर गेली. शेजारचा दादू गेल्या पावसात याच तापाने गेला होता.

"एकही गोळी पोटात गेली नाही?"

"आग पडते गो पोटात. आंगनात थुकली तर कोंबड्या खातात."

"अगं, मग मला सांगायचं ना! रोज फोन करते मी!" शमिका ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं.

यमुनाबाईने ओल्या पदराने तोंड पुसलं.

"करतंस ना. कुपी बरी हाय का, इचारतंस. कुपी बरीच व्हती."