कलकलीतलं घर

कॅप्टनला दिसत नाही हे नवख्या माणसाच्या लवकर ध्यानात येत नसे, कारण समोरच्याला तसलं काही बघायची सवडच ती देत नसे. उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवण्यात गेलेला. पाठीचा कणा ताठ, आवाज खणखणीत. घरात तिच्या माघारी सगळे तिला कॅप्टन म्हणत आणि समोर आई. डोळे हळूहळू गेले होते, आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तरी रोज सकाळी काठी घेऊन ती एकटी बाहेर पडे, दूध-पाव आणी, वाटेत दोघातिघांची हजेरी घेई आणि रुबाबात परत येई.

तिची सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. जगाच्या डोळ्यांवर काचा चढवायच्या आणि घरच्या डोळ्यांपुढे हात टेकायचे, याची तिला खंत होती. पण सासूचं तिला भारी कौतुक होतं, आणि ते ती दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ऐकवायची.

भाड्याची जागा सोडून स्वतःचं घर घ्यायचं ठरलं, तेव्हा कॅप्टनने एकच अट घातली. "मला एकटीला बाहेर पडता आलं पाहिजे. बाकी खोल्या किती आणि नळ कुठे, ते तुमचं तुम्ही बघा."

शहरातल्या घरांचे भाव ऐकूनच घाम फुटत होता. मग उपनगरं धुंडाळणं आलं. गाडीने एकेक स्टेशन मागे टाकलं की त्याच पैशांत घर ऐसपैस होत जाई आणि सुनेच्या नवऱ्याचा चेहरा उतरत जाई, कारण तेवढं अंतर कापून रोज छापखान्यात वेळेवर पोचायचं त्यालाच होतं. शेवटी एका ठिकाणी दोघांचं एकमत झालं. तळमजला, रुंद रस्ता, दुतर्फा झाडं, गाड्यांची वर्दळ नाही, चिटपाखरू नाही. आईसाठी याहून निर्धोक जागा कुठे मिळणार? दोघं स्वतःवरच खूश झाली.

कॅप्टनला दोनदा हात धरून स्टेशनपासून घरापर्यंत नेलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता तुम्ही पुढे व्हा. मी येते."

नवरा पुढे गेला. सून मात्र चोरासारखी मागे राहिली, चपला हातात घेऊन.

कॅप्टन पहिल्या वळणापर्यंत झोकात गेली. मग रस्ता फुटला आणि ती थांबली. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. कान लावला. कुठे काही वाजेना. पुढे जायचं तर कशाच्या रोखाने? तेवढ्यात एक सायकल अगदी अंगाजवळून गेली, तीही बिनआवाजाची, आणि कॅप्टन जागच्या जागी सावधान उभी राहिली. हाक नाही, काही नाही. काठी तेवढी तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली. सासूला घाबरलेलं सून पहिल्यांदाच पाहत होती. चपला घालून, मुद्दाम पाय आपटत, आत्ताच आल्यासारखी ती पुढे झाली.

घरी परतल्यावर कॅप्टन म्हणाली, "घर छान आहे. घेऊन टाका. बाग आहे ना समोर? मी बसत जाईन तिथे."

"आणि दूध?"

"दूध काय, तूही आणशील."

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. सुनेला मात्र रडूच आलं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांना पळवलं, ती आता बाकावर बसायला तयार झाली होती, आणि तेही यांचं घर अडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिने एजंटला फोन लावला. "सगळ्यात गोंगाटाचं घर दाखवा."

एजंटला वाटलं बाई चेष्टा करतायत. मग तो चाचरत म्हणाला, "आहे एक, अलीकडच्या स्टेशनला. दिवसभर नुसती कलकल, म्हणून स्वस्तात पडून आहे. रविवारी या, रविवारी शांत असतं."

"नाही. आम्ही बुधवारी येणार."

बुधवारी कॅप्टनला हाताला धरून नेताना सून एकेक आवाज सांगत गेली. स्टेशनच्या दाराशी चहाची टपरी. मग सुताराची करवत. कोपऱ्यावर लॉन्ड्री, तिथे वाफेचा फुसफुसाट, शिवाय गरम कपड्यांचा वास. समोर शाळा. शाळेपाशी कॅप्टनने पाऊल जरा आवरलं आणि मैदानावरची शिट्टी ऐकली. "शिट्टी फुंकायला येत नाही इथल्या पी.टी.वाल्याला," ती पुटपुटली. शेवटी टायरचं दुकान, आणि त्याच्यावर घर. खोल्या दोनच, पण नवऱ्याचा चेहरा उजळला. छापखाना जवळ आला होता.

"चल, मला परत स्टेशनवर सोड," कॅप्टन म्हणाली.

या वेळीही सून मागे राहिली, पण चपला काढायची गरज नव्हती, एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय! स्टेशनवरून कॅप्टन एकटी निघाली. करवतीपाशी डावीकडे, लॉन्ड्रीच्या वाफेपाशी रस्ता ओलांडायला थांबली, शाळेच्या कुंपणाला काठी लावून सरळ पुढे. चाल अशी की मागून येणाऱ्या सुनेला धाप लागली. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

वर पोचताच कॅप्टन म्हणाली, "उशीर केलास. आणि मागे मागे येत जाऊ नकोस. त्या दिवशीही होतीस, मला माहीत आहे."

तेवढ्यात वर थांबलेला एजंट लगबगीने खिडक्या लावू लागला. "लावल्या की काही ऐकू येत नाही बघा."

"उघडा त्या," सून म्हणाली, आणि त्याची वाट न बघता तिनेच उघडल्या.

"तुम्ही मापं घ्या," कॅप्टन म्हणाली. "मी जरा चक्कर मारून येते."

काठी जिना उतरत गेली. नवरा दाराकडे धावला. सुनेने त्याचा दंड धरला.

"अगं, एकटी गेली ती!"

"हो."

दोघं खिडकीशी उभी राहिली, पण खाली बघायची वेळच आली नाही. टायरच्या दुकानातून तो खणखणीत आवाज वर आला. "टायर रस्त्यात कोणी ठेवले? उचला! आत्ताच्या आत्ता!"

आणि पाठोपाठ कुणा बाप्याचा नरम आवाज, "हो बाई. उचलतो बाई."

सुनेने डोळे पुसले, टेपचं एक टोक नवऱ्याच्या हातात दिलं आणि भिंतीचं माप घ्यायला घेतलं.