गाडी कुणी मोडली?

"पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा बंद पडली, आणि तिन्ही वेळा मी बाजाराला निघाल्यावरच! एवढं शहाणं यंत्र मी कुठं बघितलं न्हाय." अक्काताई अंगणात गाडीपुढं उभी राहून बोलत होती. बोलणं गाडीशी, ऐकवणं लेकाला.

नागेंद्र कट्ट्यावर चहा पीत होता. "आई, पंचवीस वर्सांची गाडी ती. वय झालंय तिचं."

"माझं बी झालंय. मला बी संकेश्वरला धाडतोस काय?"

संकेश्वरचं गिऱ्हाईक दुपारी गाडी न्यायला येणार होतं, भंगारात. गाडी गेली की निपाणीचा बाजार, लेकीचं गाव, सगळं नागेंद्रच्या फटफटीच्या मर्जीवर. नवरा आण्णाप्पा गेल्यापासनं नातीनं, ऋतिकानं, गाडी चालवायची आणि म्हातारीनं पुढं बसून काच खाली करायची, असं चाललं होतं. गिऱ्हाइकाचा पहिला फोन आला त्याच आठवड्यात गाडी आजारी पडली. हे लेकाचंच काम, असं अक्काताईनं ओळखलं, आणि गल्लीला सांगूनही टाकलं.

"मिस्त्री बोलावलाय," नागेंद्र कावून म्हणाला. "गाडी आपसूक मोडली असंल तर मुकाट देशील?"

"देईन. पर माणसानं मोडली असंल तर गाडी हितंच ऱ्हाईल आणि तुझं गिऱ्हाईक आल्या पावली माघारी जाईल. ऋतिका, तू साक्षीला."

कोगनोळीचा परशराम मिस्त्री आला. तो नागेंद्रच्या वर्गातला, म्हणून अक्काताईनं खुर्ची उचलून बॉनेटाला खेटून मांडली.

"आक्का, मागं सरा. पट्ट्यात पदर जाईल."

"पदर माझा मी सांभाळतो. तू तुझी बोटं सांभाळ."

परशरामनं स्वतःची भरलेली बॅटरी बसवली, ऋतिकानं गाडी चालू केली. बॅटरीला मीटर लावला. काटा बारावर बसला तो हलेना.

"चालू गाडीत चौदाच्या आसपास पायजे. बॅटरी भरंनाच झालीय."

"म्हंजे अल्टरनेटर गेला!" नागेंद्र उठला.

"लई घाई झाली रं तुला!"

परशरामनं मीटरची तार अल्टरनेटरच्या मागं टेकवली. काटा टुणकन पंधराच्या वर गेला. "ह्यो करंट देतोय. बॅटरीपतोर पोचत न्हाय. मधी वाटंत तुटलाय."

गाडी बंद करून त्यानं बॅटरीची टोकं सोडली आणि जाडी वायर बोटांनी चाचपत निघाला. बॅटरी काढली. तिच्या मागच्या वळणावर वायरीची दोन टोकं एकमेकांकडं बघत होती.

"कापलीय! बघ गं ऋतिका! विचार तुझ्या बापाला!"

नागेंद्रचा चेहरा उतरला. "आई, देवाशपथ सांगतो..."

"पक्कड न्हवं आक्का," परशराम टोक उजेडात धरून म्हणाला. "दात हायत. उंदीर."

"उंदीर! माणूस न्हाय, उंदीर! झालं समाधान?" नागेंद्रनं खिशातनं फोन काढला.

परशरामचा हात अजून आतच होता. त्यानं बाहेर काढली ती कुंकू लागलेली, कुरतडलेली नारळाची वाटी. मग दुसरी. तिसरीला गुळाचा वास होता.

"अमावाशेला गाडीम्होरं नारळ फोडतात, ते ठीक. पर वाट्या हितं आत कोण ठेवतंय?"

ऋतिकानं आजीकडं बघितलं. घरात नेलेल्या वाट्यांची चटणी होते, मग गाडीला काय मिळालं? म्हणून दर अमावाशेला एक वाटी, गुळाचा खडा घालून, अक्काताई गुपचूप बॉनेटाखाली सारायची. गाडीचा वाटा गाडीला. आता बोलली तर गल्ली हसणार, आणि नाही बोलली तर गाडी जाणार. खुर्चीचा हात तिनं घट्ट धरला.

"मी ठेवलीया," ती म्हणाली. "उंदरांना जेवायला मी बसवलं. म्हंजे माणसानंच मोडली का न्हाय, सांग परशराम."

परशरामनं मान खाली घालून हसू दाबलं. "मोडलीया तशी माणसानंच."

"आई! आठ दिवस गल्लीभर माझं नाव घेत फिरलीस!"

"फिरलो. उद्यापासनं तू माझं घेत फीर. पयला त्या गिऱ्हाइकाला फोन कर, येऊ नगं म्हण."

नागेंद्रनं गिऱ्हाइकाचा नंबर लावला. मग बाजूला जाऊन बोलला. परशरामनं तेवढीच जाड नवी वायर टाकली, टोकं घट्ट आवळली, वरनं नळी चढवली, बॅटरी परत बसवली. गाडी चालू झाली. मीटर चौदाच्या थोडं पुढं जाऊन थांबला. अक्काताईला आकडा कळत होता. तिनं तो दोनदा वाचून घेतला.

"ऋतिका, पिशव्या आण. बाजार उठायच्या आत पोचाय पायजे."

ती पुढच्या सीटवर बसली, काच खाली केली. तोवर नागेंद्रनं मागचं दार उघडलं. "मला बी चौकापतोर सोडा."

अक्काताईनं मान वळवून त्याला खालवर न्याहाळलं.

"बस. पर कशाला हात लावू नगंस."