गाठीजवळचं पान

जयाबाईनं रुईचं पान उलटं करून उजेडात धरलं. मधल्या शिरेला लागून मोहरीहून लहान, पांढुरकं अंडं चिकटलेलं होतं. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. हिरालाल आंगणातल्या नळाशी आरसा टेकवून दाढी करत होता. तिनं पान सुलटं केलं, देठाला बांधलेला लाल लोकरीचा धागा सोडून जमिनीवर टाकला आणि पान माळेत ओवलं. मधे नाही, अगदी शेवटी, गाठीजवळ, जिथे देवाच्या अंगावरचं तेल पोचत नाही.

या एका पानात तिचा फायदा काय होता ते आधीच सांगून टाकलेलं बरं. उद्या सकाळी नवरा घराबाहेर पडणार होता. बाहेर पडून मारुतीच्या देवळात जाणार होता, आणि देवळात गेला की त्याला दयारामशी बोलावंच लागणार होतं. ते दोघं बोलले तर जयाबाईला दयारामची बायको शैला परत मिळणार होती, महिन्याअखेरपर्यंत का होईना. जयाबाई मनानं फार थोर होती अशातला भाग नाही. शैलाच्या घरी उघडपणे बसून चहा प्यायला वर्ष उलटून गेलं होतं, आणि पावर हाउस भागातल्या भाजीबाजारात चोरासारखं भेटायचा तिला कंटाळा आला होता.

तोटाही तिला ठाऊक होता. त्याच्याकडे तिनं सकाळच्या घाईत पाहायचं टाळलं.

तो तोटा असा. भिलाईत बाकीचे लोक हनुमानजीला मंगळवारी लाडू घेऊन येतात. शनिवारी रुईच्या पानांची माळ घेऊन येणारे ते आपले विदर्भातले. देवळात झाडलोट करणाऱ्या भागीरथाबाईनं जयाबाईला अकरा शनिवार सांगितले होते, गुडघ्यांसाठी. खाली बसता यावं आणि कशाला न धरता उठता यावं, एवढंच मागणं. अट एकच: पान अख्खं आणि स्वच्छ हवं, त्यावर जीव नको. जाणूनबुजून वाहिलं तर मागचे सगळे शनिवार बाद. आजचा नववा होता.

हिरालाल पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झाला तेव्हा त्याच्या बरोबरीचे काही प्लॉटच्या दलालीत शिरले, काही भजनात. हिरालालनं अळ्या पाळायला घेतल्या. मिठाईचा डबा, त्याला मच्छरदानीच्या तुकड्याचं झाकण, रोज ताजं पान, रोज लेंड्या झटकणं. रुईवर नारंगी फुलपाखराची अळी, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची. निंबावर, म्हणजे लिंबाच्या झाडावर, काळ्या-पांढऱ्या फुलपाखराची, लहानपणी चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी. कोशातून फुलपाखरू निघायच्या दिवशी घरातले पंखे बंद. ज्या माणसानं आपल्या पोरांचे लंगोट कधी बदलले नाहीत, त्याला अळ्यांचे डबे पुसताना पाहून जयाबाईला पहिल्यांदा हसू आलं होतं आणि मग थोडा रागही.

दयाराम तिथल्याच टाइम ऑफिसात हजेरीचा क्लार्क होता. दोघं गोंदियाकडचे, एकाच गाडीनं भरतीला आलेले. गेल्या वर्षी हिरालालनं त्याच्या निंबावर अळ्या सोडल्या, कारण त्याचं झाड मोठं होतं, आणि सांभाळ म्हणून सांगितलं. शैलाच्या लोणच्याची निंबं डागाळायला लागली तशी दयारामनं झाडावर औषध मारलं. हिरालाल गेला तर अळ्या झाडाखाली पडलेल्या. त्यावर दयाराम एवढंच म्हणाला होता, "अबे, अळ्याच तं होत्या." तेव्हापासून बोलणं बंद. आता दयारामचा पोरगा अभिनव त्याला आणि शैलाला पुण्याला नेणार होता. क्वार्टर रिकामं करायचं, तीस तारखेची गाडी.

आणि मागच्या शनिवारी जयाबाईच्या हातून खरोखरीची चूक झाली होती. ज्या पानावर अंडं असेल त्याच्या देठाला हिरालाल लाल धागा बांधून ठेवत असे, म्हणजे तिनं ते तोडू नये. एक धागा वाऱ्यानं सुटला आणि ते पान माळेत गेलं. एरवी एका अंड्याचं एवढं काही नसतं. पण दिवाळीच्या साफसफाईत नालीकाठची सगळी रुई कापली गेली होती आणि फुलपाखरू आलं तर या एका झुडपावर येत होतं. दुसऱ्या दिवशी हिरालाल देवळात गेला. जुन्या माळा उतरवायचं काम रिटायर झाल्यापासून दयारामकडे होतं. पुढचं भागीरथाबाईनं पाहिलं आणि जयाबाईला सांगितलं.

"कालची माळ पाहिजे होती."

"देवाले वाह्यलेली माळ वापस नेते का बे कोनी?"

"माळ ठेव. पान दे."

दयारामनं पान काढून दिलं. वर्षभरानंतरचं बोलणं इतकंच. पण त्या दिवशी जेवताना हिरालाल मधेच म्हणाला, "वाळला दयाराम." आणि भाताचा घास घेऊन पुन्हा म्हणाला, "लय वाळला." जयाबाईनं वरण वाढलं. पुढच्या शनिवारचं तिचं तिथेच ठरलं.

देवळाच्या पायऱ्या ती कठडा धरून चढली. माळ वाहिली, हात जोडले आणि पुटपुटली, "आजचा धरू नको, देवा." मागे शैला उभी होती.

"काय मांगतलं वं?"

"मांगतलं नाई. वापस केलं."

शैलाला ते कळलं नाही. ती आपल्याच नादात होती. "आमच्या यायचं काई खरं नाई, जया. सामान बांधाचं सोडून त्या निंबाखाली खुर्ची टाकून बसतात. म्या म्हटलं, जा एकडाव हिरालालभाऊकडे. तं म्हनतात, त्यानं बोलाले पाहिजे आधी."

"आमचेबी तेच म्हनतात."

दोघी हसल्या, पण चप्पल घालताना शैलानं पदरानं नाक पुसलं.

घरी येऊन जयाबाईनं जमिनीवरचा धागा उचलला आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं नवऱ्यापुढे धरला. "अवो, हा कोनत्या पानाचा?"

रविवारी हिरालाल गेला, पण वेळ चुकली. देवळाच्या ओट्यावर चारचौघं बसली होती आणि चारचौघं दिसली की दयारामची जीभ मोकळी सुटायची.

"या, या! अळ्यायचे बाप आले! भय्याजी, लाडू द्या यायले, बाळंतिणीचे!"

लाडूवाल्या भय्याजीसकट सगळे हसले. दयारामला ते चांगलं वाटलं. त्याच्या हिशोबी ही दोस्तीचीच सुरुवात होती. हिरालाल खालच्या पायरीवर थोडा थांबला, खिशातली रिकामी डबी खिशातच दाबली आणि परत फिरला. पान तिथेच राहिलं.

घरी येऊन तो डबे पुसत बसला. पुसलेलेच डबे पुन्हा पुसत होता.

"पान भेटलं?" जयाबाईनं विचारलं.

"नाई पाहिजे मले त्याचं पान."

स्वयंपाकघरात तिनं कणीक मळायला घेतली ती गरजेपेक्षा जास्तच मळली. नऊ शनिवार गेले होते आणि हातात काही आलं नव्हतं. असा सौदा बाजारात कोणी केला असता तर तिनंच त्याला वेडा म्हटलं असतं.

बुधवारी दुपारी फाटक वाजलं. दारात दयाराम उभा. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात गोळ्यांची प्लास्टिकची डबी, आणि ती त्यानं अशी धरलेली की जणू आत तेजाब आहे.

"वहिनी, हिरा हाय का?"

हिरालाल आतून आला. खाटेच्या काठाला धरून उभा राहिला.

"हे निंगालं बे," दयाराम म्हणाला. "त्या अंड्यातून. तू वापस गेला तं म्या पान काढून ठेवलं होतं. सकाळी पाह्यतो तं पानावर काई नाई, आन् बाजूले हे. मिशीच्या केसावानी. निंबाचं पान देल्लं, खात नाई. पालक देल्ला, खात नाई. मरते का काय, मले काई समजून नाई राह्यलं."

"ज्या पानावर निंगालं तेच ठेवाचं होतं."

"ते सुकलं ना! मंग म्या नालीत उतरून रुई आनली. एक झुडूप फुटलं तिकडे पुलाखाली."

हिरालालनं डबी घेतली, खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर सारून पाहिलं. पोरांच्या जुन्या कंपासमधला चित्रकलेचा ब्रश काढून त्यानं त्या केसाएवढ्या जिवाला अलगद नव्या पानावर ठेवलं. दयाराम त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. पाहता पाहता त्यानं डोळा चोळायला हात वर नेला आणि हिरालालनं तो हात मनगटाशी पकडला.

"चीक लागला हाय तुह्या बोटाले. डोळा जाईन. चाल, धू आधी."

त्यानं त्याला तसंच ओढत आंगणात नळावर नेलं, स्वतः साबण लावला. दोन म्हातारे एका नळाखाली हात धरून उभे, हे जयाबाईनं खिडकीतून पाहिलं आणि चहाचं भांडं चढवलं.

"हे निंबाचं नोहे," हिरालाल पाण्याकडे पाहत म्हणाला. "निंबाचं येगळं असते."

 चीक निघून गेला होता तरी दयाराम हात चोळत राहिला.

"मले तवा वाटलं," तो शेवटी म्हणाला, "अळ्याच तं होय."

"हाव. म्हनला होतास तू."

"आज सकाळपासून चहाबी नाई घेतला बे म्या. एवढुशा केसासाठी."

हिरालालनं नळ बंद केला. "बस. चहा घेशीन?"

चहा झाला, दुसरा झाला. निघताना हिरालाल डब्याला झाकण बांधत होता तेवढ्यात दयाराम फाटकाशी हळूच म्हणाला, "वहिनी, एक इचारू? पयल्या टायमाले पान माळेच्या मधात होतं, तेलानं भिजता भिजता वाचलं. या टायमाले बराबर गाठीपाशी. फुलपाखरू सुधरलं वाटते?"

"पस्तीस साल दुसऱ्यायच्या हाजऱ्या मोजल्या तुमी, भाऊजी. आता फुलपाखराची कायले मोजता?"

दयाराम हसला, पण डोळे तिच्याकडे जरा जास्त वेळ राहिले.

मग तो रोज येऊ लागला. डबा तोच पुसायचा. अळी चांगली पट्टेदार, करंगळीएवढी झाली तेव्हा त्यानं हिरालालला विचारून तिला तळहातावर घेतलं आणि पुण्याला व्हिडिओ कॉल करून अभिनवला दाखवलं. तिकडे सून किंचाळली. इकडे शैला आणि जयाबाई भांडी कागदात गुंडाळत बसायच्या आणि वर्षभराचं साठलेलं बोलायच्या. मधले शनिवार त्यातच गेले. दुर्ग स्टेशनवर डब्याच्या दारात दयाराम म्हणाला, "कोश झाला का फोन कर. आन् पंखा बंद ठेवजो." हिरालालनं मान हलवली. गाडी गोंदियाला पोचायच्या आतच दयारामचा फोन आला: "खाल्लं का त्यानं?"

ते गेले त्यानंतरच्या शनिवारी जयाबाई दाराजवळ बसली. खुर्ची पुसून ओली होती म्हणून खालीच, चटईवर. हिरालाल झुडपातली पानं स्वतः तोडून, दोन्ही बाजू पाहून, ओल्या फडक्यानं पुसून एकेक तिच्या हातात देत होता.

"आता संपत आले असतीन नं तुहे शनिवार?"

"पयला हाय."

"पयला कसा? आठ तं मले आठवतात. मधात खाडा झाला म्हनून मोडले का?"

"खाड्यानं नाई." तिनं सुईतला दोरा ओढला. "मोडले ते आधीच. त्या गाठीजवळच्या पानानं."

हिरालालच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग आंगणाकडे, जिथे त्या दिवशी तो दाढी करत होता.

"धागा सुटला नव्हता?"

"सोडला होता."

 मग त्यानं विचारलं ते भलतंच. "मंग ते आठ शनिवार गेले कुठं?"

"तुमच्या नावावर टाकले," जयाबाई म्हणाली आणि माळेला गाठ मारली.

माळ तबकात ठेवून ती उठायला लागली. हिरालालनं हात पुढे केला. तिला त्याची सवय नव्हती. तिनं भिंतच धरली. एक गुडघा सरळ झाला, मग थांबून दुसरा. हिरालाल हात तसाच पुढे धरून उभा राहिला.

दयारामला पुण्यात रोज विचारायला एक विषय मिळाला. शैला मन हलकं करून गेली. हिरालालला मित्र मिळाला, अळीही मिळाली. मारुतीच्या माळा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या होत्या, त्यामुळे त्याचीही काही तक्रार नसावी. भरलं ते त्या दोन गुडघ्यांनी, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.