चाळीस जणांचा व्हरांडा

ग्रंथालयाच्या व्हरांड्यात थंडीच्या दिवसांत एक म्हातारा झोपायचा. छत्र्या दुरुस्त करायचा तो. आता थंडीत छत्री कोण दुरुस्त करून घेणार? काम नाही म्हणून खोली नाही, आणि खोली नाही म्हणून हा व्हरांडा. वाचक नाक मुरडत आत यायचे. ग्रंथपाल बाईंनाही त्याच्या गाठोड्याची किळस यायची. आपण शिकलेली माणसं ना, मंडळी! आपल्याला किळस लवकर येते आणि नेमकी भलत्याच गोष्टीची येते.

त्या वर्षी कॉलनीच्या मंडळाला बेघरांचा कळवळा आला. जनजागृतीसाठी सर्वांनी एक रात्र उघड्यावर झोपायचं ठरलं. उघड्यावर म्हणजे अगदीच उघड्यावर नव्हे. दव पडतं, सर्दी होते. म्हणून वर छप्पर असलेला ग्रंथालयाचा व्हरांडा! बाईंनी हौसेनं परवानगी दिली आणि शिपायाला बजावलं, "दुपारीच सगळं रिकामं करा आणि फिनाईलनं धुऊन घ्या."

"बाई, म्हाताऱ्याचं गाठोडं आहे तिथं," शिपाई म्हणाला. "तो काम शोधायला गेलाय."

"चिंध्याच तर आहेत. टाका कचऱ्याच्या गाडीत!"

शिपायानं गाठोड्याला हात लावला नाही. शेवटी बाईंनी सफाईवाल्याला बोलावून ते उचलायला लावलं.

संध्याकाळी सगळी हौशी फौज जमली. फरशीवर खडूनं चौकोन आखले होते, एक ते चाळीस. भाड्यानं आणलेल्या नव्याकोऱ्या स्लीपिंग बॅगा, सुपाचे थर्मास, कानटोप्या, सगळा जामानिमा होता. एक गृहस्थ फिनाईलचा वास येतो म्हणून कुरकुरत होते. फोटोवाला ओरडत होता, "काकू, हसू नका हो! जरा कुडकुडा!" आणि काकू खरंच कुडकुडून दाखवत होत्या. शिसारी यावी असा तो देखावा होता!

तेवढ्यात म्हातारा आला. त्याच्या कोपऱ्यात सतरा नंबरचे साहेब पाय पसरून सूप पीत होते. त्यानं इकडेतिकडे गाठोडं शोधलं. मग तो निमूटपणे टेबलापाशी रांगेत उभा राहिला.

"साहेब, इथं झोपायचं तर आता नाव द्यावं लागतं का?"

मंडळाच्या चिटणीसांनी मान वरही केली नाही. "नोंदणी बंद झाली. चाळीसच जागा होत्या."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला.

बाई शेजारीच उभ्या होत्या. शिपाई हळूच म्हणाला, "बाई, या व्हरांड्यात बेघर असा एकच माणूस होता. त्याला हाकलून आपण चाळीस घरवाले झोपवतोय!"

शी! काय करून बसलो आपण हे! आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना स्वतःची किळस आली.

"काका, थांबा!" त्या धावल्या. "तुमचं गाठोडं मीच फेकायला लावलं."

"दोन पांघरुणं होती त्यात," म्हातारा म्हणाला. " थंडी आत्ता कुठं सुरू होतेय, बाई."

बाई मागे वळल्या. "कार्यक्रम रद्द! ज्यांना घरं आहेत त्यांनी घरी जा!"

"अहो मॅडम, पेपरवाले येताहेत!" चिटणीस किंचाळले.

"त्यांना सांगा, इथला बेघर माणूस आत झोपलाय."

त्यांनी वाचनकक्ष उघडला. रोज संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत ही मोठी खोली रिकामीच तर असायची. थंडी संपेपर्यंत ती रात्री म्हाताऱ्यासाठी खुली राहील, वर काय उत्तर द्यायचं ते मी देईन, असं त्यांनी सर्वांदेखत सांगितलं. बरेच जण तणतणत गेले. सतरा नंबरचे साहेब मात्र मान खाली घालून बाकं सरकवू लागले.

बाईंनी घरून मागवलेल्या पांघरुणांचं अंथरूण घालून झालं. म्हातारा दारापाशी घुटमळत उभा होता.

"बाई, आतून कडी लावली तर चालेल का? झोपताना दाराला कडी लावून फार वर्षं झाली."

बाईंनी कडी नीट सरकते का ते स्वतः पाहिलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

मंडळी, बेघरांसाठी काही करायचंच असेल, तर एक रात्र कुडकुडायची नाटकं नकोत! आपल्या ताब्यात कुलपं घालून रिकाम्या ठेवलेल्या खोल्या किती आहेत ते बघा, आणि त्यातली एक तरी उघडा.