पूनमला सांगितलेलं

पूनमच्या घरी आशाताई आली की ताहेराची भाकरी करपायची. हे ठरलेलंच होतं. दोन घरांच्या मधे एकच भिंत, तीही खांद्याएवढी, आणि ताहेराची चूल नेमकी त्या भिंतीला लागून. पलीकडे "पूनम, आहे का व घरात?" असा सरस्वतीबाईंचा आवाज आला की इकडे हातातलं काम हातातच राहायचं आणि कान भिंत ओलांडून जायचे. तव्यावरून धूर निघाला की आतून सासू ओरडायची, "ध्यान किधर है तेरा?"

ध्यान कुठे आहे हे सासूला सांगण्यासारखं नव्हतं. ताहेरा पूनमवर जळत होती, दुसरं काही नाही.

वरवट बकालच्या त्या गल्लीत पूनमचं घर हे तिच्या सासरच्या भावकीतलं शेवटचं आणि ताहेराचं घर मुसलमान मोहल्ल्यातलं पहिलं. आशाताई म्हणजे गावच्या सरकारी आरोग्यसेविका, सरस्वतीबाई. सरकारी पिशवी खांद्याला लावून त्या अख्ख्या गावात गरोदर बायांची खबरबात घेत फिरायच्या. फिरत फिरत पूनमपर्यंत यायच्या, बसायच्या, चहा प्यायच्या आणि तिथूनच मागे वळायच्या. ताहेराच्या दाराशी कधी आल्याच तर पोलिओच्या रविवारी. "लहान लेकरू आहे का घरात?" असं उंबऱ्याबाहेरूनच विचारायचं, दारावर खडूनं खूण करायची आणि पुढे सटकायचं. त्या दिवशी मोहल्ल्यातलं एक दार सुटायचं नाही. बाकी वर्षभर कुणी फिरकायचं नाही.

आणि गंमत म्हणा की दैवाची थट्टा म्हणा, या वर्षी दोघी एकदमच राहिल्या. दोघींना आठवा लागला होता. पूनमला लोहाच्या गोळ्या, पूनमचं वजन, पूनमच्या दंडाला पट्टा बांधून मोजलेलं प्रेशर. पूनमनं कोणत्या कुशीवर झोपायचं, काय खायचं, काय झालं तर लगेच फोन करायचा, सगळं पूनमला. महिन्यातून एकदा सरस्वतीबाई मारुतीच्या सभामंडपात बायांना गोळा करून माहिती देत, तिथेही पूनम पोट मिरवत जायची. ताहेराला कुणी बोलावलं नाही, आणि देवळात आपण न बोलावता कसं जायचं, म्हणून ती गेली नाही. तिचं सुरुवातीला एकदा खामगावला खासगीत दाखवून झालं होतं. सोनोग्राफीवाल्यानं सगळं ठीक आहे म्हटलं होतं. तेवढ्यावर घरातल्या सगळ्यांचं समाधान होतं.

पूनम वाईट असती तर फार सोपं झालं असतं. पण मेली होती चांगली. मेथीचे लाडू केले की पहिली वाटी भिंतीवरून इकडे. "खाय व ताहेरा, कंबरेले चांगले असतात." ताहेरा लाडू खायची, गोड लागायचा, आणि त्या गोडाचाही राग यायचा. पूनमची तीन वर्षांची पोर राखी तर ताहेराच्याच अंगाखांद्यावर असायची. ताहेरा तिच्या केसांना तेल लावून द्यायची, नाक पुसायची, आणि मधेच एकदम तिला खाली उतरवून आत निघून जायची. पोरीला कळायचं नाही, काकीला काय झालं.

काकीला झालं होतं ते असं, की राखीच्या वेळेलाही दोघी एकदमच राहिल्या होत्या. राखी झाली. ताहेराचं आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता. त्याचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. सासूनं तेव्हा शोधून काढलं की ग्रहणाच्या दिवशी ताहेरानं दाभण हातात घेतली होती. खरं होतं ते. तिच्या नवऱ्याचा, रज्जाकचा, गाद्या-रजया भरायचा धंदा, बाजाराच्या आदल्या दिवशी चार गाद्या टाचायच्या राहिल्या होत्या, आणि ताहेरानं त्या टाचल्या होत्या. रज्जाक कधी एका शब्दानं बोलला नाही. पण ताहेराच्या मनातून ती दाभण काही गेली नाही. आपल्याच हातानं आपण ते केलं, असं तिला वाटायचं, आणि मग राखीला जवळ ठेवून घेणं जमायचं नाही.

या खेपेला तिनं ठरवलं होतं, दाभणीला हात लावायचा नाही आणि पूनमला जे जे सांगतील ते ते सगळं करायचं. कुणी शिकवत नाही ना, मग चोरून शिकू. सरस्वतीबाई पलीकडे म्हणाल्या डाव्या कुशीवर झोप, की ताहेरा डाव्या कुशीवर. त्या म्हणाल्या शेंगदाणे-गूळ खा, की इकडे शेंगदाणे भाजायला. अशी एकेक गोष्ट उचलताना तिला मोठी मौज वाटायची. घ्या, तुम्ही नाही दिलं तरी मी घेतलंच!

एकदा पूनमला अंगणात चक्कर आली. सरस्वतीबाईंनी प्रेशर मोजलं आणि ठणकावून सांगितलं, "लिंबाचं पाणी घेत जाय. मीठ, साखर चांगली टाकजो. दिवसातून दोन-तीन खेपा. आळस करू नको."

ताहेराला तर आठ दिवसांपासून चक्कर येत होती. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कुणाला सांगायचं? सासू म्हणायची पित्त आहे. आता औषध आयतं हाती लागलं. तिनं त्याच दुपारी रज्जाकला लिंबं आणायला लावली. पूनम दोनदा घेत असेल तर ही तीनदा. मीठही अंमळ जास्तच, लवकर गुण यावा म्हणून. पायांना सूज होतीच, ती वाढली. चपलेचे पट्टे रुतायला लागले, बांगड्या मनगटावर घट्ट झाल्या. सासू म्हणाली, सूज म्हणजे बाळ तगडं आहे. भिंतीशी उभं राहून ताहेरानं पूनमचे पाय पाहिले. तिचेही जरा सुजलेले होते, पण ताहेराच्या मानानं काहीच नाही. या एका बाबतीत तरी आपण वरचढ आहोत, असं वाटून ती चक्क खूश झाली. हसू नका. जळणारं माणूस कशानं खूश होईल याचा काही नेम नसतो.

मग तो बुधवार आला. सकाळपासून डोकं असं ठणकत होतं की तव्यावरची भाकरी दोन दोन दिसत होती. सासू शेजारी मयतीला गेलेली, रज्जाक बाजाराला. पलीकडे सरस्वतीबाई आल्या. पट्टा बांधल्याचा आवाज, मशीनची बारीक टिकटिक, आणि मग त्या मोकळ्या गळ्यानं हसल्या.

"झकास हाय आता तुझं प्रेशर. काही भेऊ नको पूनम, मी हावो न!"

मी हावो न. हे तीन शब्द ताहेराला कुणी म्हटले नव्हते. या खेपेलाही नाही आणि मागच्या खेपेलाही नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिठाचे हात तसेच, डोक्यावरची ओढणी घसरलेली, ती गल्लीतून वळून सरळ पूनमच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"हिच्यासाठी तुमी हाव, मंग मह्यासाठी कोन हाये?"

पूनम बाजेवरून उठली. सरस्वतीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "काय झालं व ताहेरा?"

"मले बी आठवा महिना हाये. दिसत नाई का? मह्या दारापासून माघारी फिरता रोज. काऊन?"

सरस्वतीबाई गडबडल्या. बाई मनानं दुष्ट नव्हत्या, पण आपलं काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. "अवं, तुमच्या इकडच्या बाया पडद्यात राहतात. घरची मानसं नाई म्हनतात. मी म्हटलं, उगीच कायले..."

"कोन नाई म्हनलं? कोनाले इचारलं तुमी?"

सरस्वतीबाईंनी कुणालाच विचारलेलं नव्हतं.

"पोलिओच्या दिवशी बरी आमची दारं दिसतात तुमाले! तवा पडदा आडवा येत नाई?" ताहेराचा आवाज चढला होता, गल्लीतली दोन माणसं थांबली होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. तिनं कुर्त्याची बाही दंडापर्यंत सरकवली आणि हात सरस्वतीबाईंच्या नाकासमोर धरला. "मोजा. तिचं मोजता तसं माह्यं बी मोजा."

खरं सांगायचं तर तेव्हा तिच्या मनात आजारपणाचा विचारही नव्हता. पूनमच्या दंडाला जो पट्टा बांधतात तो आपल्याही दंडाला बांधला पाहिजे, एवढाच हट्ट. राखीच्या हातात बाहुली पाहून दुसरं पोर अडून बसावं, तसा.

"मोजा न व बाई," पूनम म्हणाली आणि तिनं ताहेराला हाताला धरून बाजेवर बसवलं.

पट्टा आवळला. मशीन टिकटिकलं. सरस्वतीबाईंनी आकडा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा बांधला. दुसऱ्यांदाही आकडा तोच आला.

"डोकं दुखते का तुह्यं? डोळ्यापुढं काजवे?"

"थे तर होतेच. पन मी औषध घेतो न. लिंबू-मिठाचं पानी. तुमी पूनमले सांगतलं थेच."

सरस्वतीबाईंनी तिच्या दंडावरचा पट्टा ओढून काढला. "अवं माय! थे पूनमचं होतं. तिचं प्रेशर उतरलं होतं म्हनून सांगतलं तिले. तुह्यं तर आभाळाले टेकलं! झटके येतीन, लेकरू जाईन..." मग पुढचं न बोलता त्यांनी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. पूनमनं तोवर ताहेराला डाव्या कुशीवर निजवलं.

गाडी आली. शेगाव मागे पडेपर्यंत ताहेराला सगळं कळत होतं, नंतर कळेनासं झालं. खामगावच्या दवाखान्यात सुया झाल्या, ऑपरेशन झालं, आणि बाळ काढावं लागलं. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आणखी एक दिवस घरी राहिली असतीस तर तुम्ही दोघीही हाती लागला नसतात. आता लेकरू चिवट दिसतंय, घाबरू नकोस.

चौथ्या दिवशी पूनम भेटायला आली. एवढं पोट घेऊन नवऱ्याच्या, हर्षलच्या, गाडीत हेलपाटत आली. जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा धडधाकट लेकराचं जुनं झबलं घालावं म्हणून राखीची झबली धुऊन, घडी करून आणली होती. ताहेरानं झबलं मांडीवर पसरलं. तिच्या पोरीला अजून दोन महिने तरी ते मोठंच झालं असतं.

पूनम खाटेच्या कडेला टेकली आणि धीर द्यावा म्हणून बोलायला लागली. "भेऊ नको तू. होते सगळं बराबर. मले बी राखीच्या वक्ती असंच झालं होतं."

"असंच म्हंजे?"

"असंच न व. पाय सुजले, डोकं ठनके, डोळ्यापुढं काजवे. सरस्वतीबाईनं मोजलं न त्याच दिवशी मले इथं आनलं. गोळ्या चालू केल्या, निजवून ठेवलं. मंग राखी झाली चांगली."

मागच्या खेपेला ताहेरालाही हेच झालं होतं. हेच पाय, हेच डोकं, हेच काजवे. त्याच महिन्यात, त्याच भिंतीच्या अलीकडे. दाभण नव्हती. ग्रहण नव्हतं. एक पट्टा होता, दंडाला मिनिटभर बांधायचा, आणि तो पलीकडच्या घरापर्यंत येऊन परत गेला होता.

"पूनम," ताहेरा म्हणाली, "मंग तवा तू मले काऊन नाई सांगतलं?"

पूनमला प्रश्नच कळला नाही आधी. मग तिनं अगदी सरळपणे सांगितलं, "मले वाटलं, तुले बी कोनी तरी सांगतच असन."

ती खोटं बोलली असती, काही लपवलं असतं, तर ताहेराला तिच्यावर ओरडता तरी आलं असतं. पण पूनमच्या तोंडावर काही लपवलेलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटलं होतं. इतकी वर्षं ताहेरा हिच्या नशिबावर जळली, हिच्या कुशीवर, हिच्या पोरीवर. आता तो सगळा जळफळाट उराशी घेऊन ती बसली आणि तिला रडू फुटलं. पेटीतल्या मुलीसाठी नाही, तिचं बरं चाललं होतं. ज्याचं नाव ठेवायचं राहिलं त्याच्यासाठी ती रडली. आपण काय बोललो ते पूनमला हळूहळू उमगलं आणि मग तीही तोंडाला पदर लावून रडायला लागली.

संध्याकाळी रज्जाकच्या फोनवर कौसरचा फोन आला. कौसर ही त्याच्या चुलतभावाची बायको, मोहल्ल्यात चार घरं आत राहणारी, पहिलटकरीण, पाचवा महिना. तिनं बाळाचं विचारलं, ऑपरेशनचं विचारलं, आणि मग म्हणाली, "तुम्हारा तो नसीब अच्छा है भाभी. आशाताई खुद आई थी आज तुम्हारे घर, अम्मी से पूछने. देर तक बैठी."

"तेरे यहाँ आई?"

"नहीं. वहीं से लौट गई."

कौसर हसत म्हणाली खरी, पण त्या हसण्यात काय होतं ते ताहेराला ओळखायला वेळ लागला नाही. तो सूर तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. तिनं टाके दुखत असताना कोपरावर जोर देऊन अंग उचललं.

"सुन. वो नहीं आएगी. तू जा उनके घर. दरवाजे पे रुकना मत, अंदर घुस और हात आगे कर."

"ऐसे कैसे जाऊँ भाभी? बुलाया नहीं..."

"आज के आज," ताहेरा म्हणाली, आणि ती निघते की नाही हे ऐकत फोन कानाला धरून बसली.