तळाची ओळ

चारुलताबाईंचं हस्तलिखित हातात पडलं आणि सदूने ते उलटं करून टेबलावर ठेवलं. तसं बघायला गेलं तर त्यात भिण्यासारखं काय होतं? तुर्भे गावातल्या छापगल्लीला पंचवीस वर्षं झाली, म्हणून शाळेतल्या या बाईंनी गल्लीचा इतिहास लिहिला होता. पुस्तिका छापायची होती दिनानाथ वैतींच्या छापखान्यात, आणि तिथला खिळे जुळवणारा सदू. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलायचा आणि ओळ बांधायची, यातच त्याची सगळी उमर गेली होती.

पहिली पानं मजेत गेली. कारखाने आले तशी गल्ली कशी वसली, चलनबुकं आणि लेबलं छापणारे सहा छापखाने, शाळेची पुस्तकं विकणारी दोन दुकानं, सगळं झकास लिहिलं होतं. मग आलं शहात्तर साल. बाईंनी लिहिलं होतं : 'सभाबंदी असताना शेतकऱ्यांचे पत्रक छापून दिनानाथ वैती यांनी त्याखाली निर्भयपणे आपले नाव घातले व तेरा महिने कारावास भोगला.'

सदूचा हात खिळ्यांच्या खणावरच थांबला. दिनानाथांनी नाव घातलंच नव्हतं. ते सदूने घातलं होतं, आणि तेही चुकून.

झालं होतं असं. छापील कागदाच्या तळाला मुद्रकाचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे, हा कायदा. ती ओळ रोज नव्याने कोण जुळवत बसणार? एकदा जुळवून सुतळीने बांधलेली ती ओळ दगडी टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात कायम तयार असायची. लग्नपत्रिका असो की मिठाच्या पोत्याची चिठ्ठी, मजकूर लावून झाला की सदूचा डावा हात न बघता कोपऱ्याकडे जायचा.

नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांपैकी नामा पत्रक घेऊन आला, तेव्हा दिनानाथांनी बजावलं होतं, "सदू, खाली नाव नाय टाकायचं. टाकलंस तर मी आत जातो." सदू हो म्हणाला. पण घाई इतकी की प्रूफ काढलं नाही, आणि हाताने आपलं रोजचं काम केलं. मिणमिणत्या दिव्यात छापलेले तीनशे कागद कोणी न वाचताच नामाने सुक्या मासळीच्या टोपलीत घालून नेले. नामाला कुठे वाचता येत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सदू कामावर आला, तर कोपरा रिकामा. फर्मा, म्हणजे चौकटीत जुळवलेला कालचा मजकूर, तसाच होता, आणि तळाला ती ओळ. आता मालकाला सांगायचं? सांगितलं आणि मालक पळाले, तर पोलीस आपल्यालाच नेतील. बायकोला आठवा महिना होता. सदूने दाराला आतून कडी घातली, फर्मा सोडला, एकेक खिळा धुऊन ज्याच्या त्याच्या खणात टाकला आणि ओळ सुतळी बांधून कोपऱ्यात ठेवली.

नऊला दिनानाथ आले. दाराशी बसून चहा प्यायले. "काय रं, तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं. सदू म्हणाला, "डोकं दुखतंय, मालक."

बाराला पोलिसांची जीप आली. साहेबाने पत्रक पुढे धरलं. दिनानाथांनी स्वतःचं नाव बराच वेळ वाचलं.

"जुळवलं कोणी?" साहेबाने विचारलं.

"मीच," दिनानाथ म्हणाले. त्या माणसाला आपल्या नावाचे खिळेसुद्धा जुळवता येत नव्हते. सदू खणांकडे तोंड करून उभा राहिला आणि मागे वळला नाही.

ते सुटून आले तेव्हा गल्लीने हार घातले. बघा, गडी नाव लपवून राहिला नाही! दिनानाथ हार काढून पुन्हा कामाला लागले, आणि सदू दहा वर्षं जीव मुठीत धरून जगला. आज विचारतील, उद्या विचारतील.

आता मात्र सुटका नव्हती. त्याने ते पान जुळवलं, प्रूफ काढलं आणि मालकापुढे ठेवलं. दिनानाथांनी चष्मा लावला, वाचलं आणि हसले.

"निर्भय? पाय लटलट कापत होते माझे."

सदूला राहवलं नाही. "मालक, नाव मी टाकलं होतं. सवयीनं पडलं. आयशप्पत, मुद्दाम नाय."

"ठावं हाय. जीपवाल्यानं कागद दावला तवाच कळलं. हात चुकतो मानसाचा. त्याचा राग कवाच नव्हता."

सदूला एकदम हलकं वाटलं. दहा वर्षांचं ओझं, आणि हे असं बोलता बोलता उतरलं! डोळे पुसून तो प्रूफ उचलायला वाकला. पण दिनानाथांनी कागदावरचा हात काढला नाही.

"एक इचारायचं राहिलंय. तुरुंगात लय इचार केला मी. आदल्या सांजेला आपन छापून फर्मा तसाच ठेवून घरी गेलो. दुपारी जीप आली तवा टेबल साफ होतं. म्हंजे फर्मा तू सकाळी सोडलास. सोडताना ओळ दिसली नाय तुला?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. खिळे जुळवणारा माणूस खिळा न बघता सोडत नाही, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"दिसली," तो म्हणाला.

"मी यायच्या आधी?"

"हो."

दिनानाथांनी चष्मा काढून हळूच पुसला.

"साडेनवाला पनवेलची यष्टी असायची. बहीन होती तिथं माझी, लपवलं असतं तिनं. चहा पितापिता बघत होतो मी, दारासमोरनं गेली. निम्मी रिकामी होती."

मग त्यांनी पेन्सिलीने प्रूफच्या कोपऱ्यात सही केली आणि कागद सदूकडे सरकवला.

"छाप," ते म्हणाले. "आनि खाली नाव टाक."